आसनक्षमता

नकाशात त्या देशाचं नाव देशावर मावत नाही,
म्हणून ते समुद्रात लिहिलंय.
मी ते भिंगातून वाचलं, कर्वेनगरात, तिसऱ्या मजल्यावर,
खाली रसवंतीचे घुंगरू वाजत असताना,
आणि खांबेटे सर म्हणाले, "नाव राहू दे. खुर्च्या मोज."

रग्बीची मोठी स्पर्धा. वीस संघ.
त्या देशाला ती हवीय.
प्रश्न एवढाच, की माणसं बसवणार कुठे.
काम आमच्याकडे आलं, कारण
पुण्यात माणसाचा तास स्वस्त पडतो.

तीन मैदानं.
पहिलं राजधानीत: अकरा हजार दोनशे, त्यातल्या चारशे खांबाआड.
दुसरं साखर कारखान्यामागे: सहा हजार, पत्रे गंजलेले.
तिसऱ्याला एकाच बाजूला स्टँड. उरलेल्या बाजूंना
शाळा, चर्च,
आणि गवताचा एक उतार.

नियम म्हणतो, किमान वीस हजार. अंतिम सामन्याला चाळीस.
मी बेरीज केली. मग लग्नघरासारखी पुन्हा केली.
पाचशेच्या कार्यालयात आठशे पानं उठवणारी माणसं आपण,
दुसरी पंगत, तिसरी पंगत,
जेवणाऱ्याच्या खुर्चीला मागून हात लावून उभे.
पण सामन्याला दुसरी पंगत नसते.
ऐंशी मिनिटं. एकदाच वाढतात.

"तात्पुरते स्टँड?" शर्वाणीनं विचारलं.
तेही बघितलं. पाइप, फळ्या, नट-बोल्ट, सगळं बोटीनं आणायचं,
मांडवासारखं उभारायचं, मांडवासारखं उतरवायचं.
भाडं त्यांच्या वर्षभराच्या औषधांइतकं.
तो आकडा मी पेननं लिहिला नाही.

तिकडचा माणूस तेविता. त्यानं उताराचा फोटो पाठवला.
चटया, छत्र्या, एक कढई,
कुणाच्या तरी पोटावर झोपलेलं मूल.
मी विचारलं, इथं किती धरू?
दुपारी उत्तर आलं:
"पाऊस नसला तर सगळे."

तक्त्यात "सगळे" लिहायला रकाना नाही.
आसन म्हणजे पाठ, क्रमांक, रुंदी पंचेचाळीस सेंटीमीटर.
मी शून्य भरलं.

शनिवारी वारज्याच्या मैदानावर भाचीचा सामना होता.
ऊर्जिता, आतून तिसऱ्या ओळीत, नाकाला पट्टी.
मैदान म्हणजे काय, कचऱ्याची गाडी वळते ती जागा,
एका टोकाला बांबूचे दोन खांब, दुसऱ्या टोकाचे यायचे होते.
सवयीनं मी मोजत बसले:
कंपाउंडच्या भिंतीवर अकरा,
उभ्या स्कूटरवर चार, टेम्पोच्या टपावर मुलं, हलत होती,
नीट मोजता आली नाहीत.
शेजारच्या बाईंनी विचारलं, "ही कबड्डीच ना? चेंडू घेऊन?"
मी म्हटलं, जवळपास.
त्या थांबल्या. भाजीची पिशवी खाली ठेवली, तिच्यावरच बसल्या.

ऊर्जिताला तिघींनी पाडलं.
तिची आई, म्हणजे माझी बहीण, ओरडली नाही,
डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.
पोरगी उठली. गुडघ्याला माती, मातीत रक्त,
आणि टपावरून कुणीतरी शिट्टी मारली,
टिंगलीची नव्हती.

त्रेसष्ट माणसं, अंदाजे.
आसनक्षमता शून्य.

सोमवारी अहवाल गेला. बारा पानं. उत्तर: नाही.
ते बरोबर आहे. मी कितीही वेळा बेरीज केली
तरी ते बरोबरच येतं.
टिपेत मी एक ओळ घातली होती, उताराबद्दल,
तेविताच्याच शब्दांत.
सर म्हणाले, "हे काय? काढ."
काढलं.

फक्त आराखड्यात त्या उतारावर
हिरव्या रेघा जरा दाट पडल्यात.
जवळून बघितलं तर,
एकास दोनशे प्रमाणात,
एक छत्री दिसते.
अजून कुणी विचारलेलं नाही.